जांभळाची शाई

निवृत्त शिक्षकाला कोणी भाषणाला बोलावलं की तो नाही म्हणत नाही. मी तर बोलावणं पुरतं ऐकूनही घेत नाही, आधीच हो म्हणून मोकळी होते. पोलादपूरच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला, "बाई, या महिन्याच्या शिक्षण परिषदेत तुम्ही अर्धा तास बोला," तेव्हाही तसंच झालं. विषय कोणता, हे विचारायला मला पुन्हा फोन करावा लागला.

शिक्षण परिषद म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा कुठल्यातरी एका शाळेत जमायचं, चर्चा करायची आणि ज्या शाळेकडे यजमानपद असेल तिथला चहा वाईट होता असं म्हणत घरी जायचं. या वेळचा विषय होता, निवडणूक आणि राजकारण यांबद्दल मुलांशी वर्गात कसं बोलावं.

मला हसूच आलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत या विषयावर मी मुलांशी एकच वाक्य बोलत आले होते. "बाई, तुमी कुनाला मत दिलं?" असं कोणी विचारलं की मी म्हणायची, "मतदान गुप्त असतं. पुस्तक उघडा." एवढ्या भांडवलावर अर्धा तास कसा काढायचा? मग मला ते कात्रण आठवलं.

कात्रण म्हणजे एका स्थानिक पेपरातला फोटो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा. पोलादपूरहून कापड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी मुख्याध्यापिका होते, त्या शाळेच्या पायरीवर सगळी मुलं उभी आहेत आणि प्रत्येकानं शाई लावलेलं बोट वर धरलंय. खाली ओळ: शालेय मंत्रिमंडळाची निवड बिनविरोध. हे कात्रण मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं. साड्या विरल्या, कात्रण टिकलं. तेच पर्समध्ये घातलं आणि महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी पकडली.

या गाडीनं मी अकरा वर्षं रोज गेले. तेव्हा सकाळची गाडी म्हणजे चाकांवरची स्टाफरूमच. कोणाच्या डब्यात काय भाजी आहे, कोणाच्या मुलीला स्थळ आलंय, कोणाची बदली कुणी अडवली, हे सगळं पोलादपूर येईपर्यंत ड्रायव्हरलासुद्धा पाठ. एखादा गुरुजी स्टँडवर पळत येताना दिसला की कंडक्टर दोरी ओढायचा थांबायचा आणि म्हणायचा, "येऊ द्या, देशाचं भवितव्य पळतंय." आता शिक्षक मोटरसायकलवरून जातात, हायवे रुंद झालाय आणि गाडीत माझ्या शेजारी बसलेली मुलगी सगळा रस्ता फोनकडे बघत होती. मी एकटीच खिडकीतून बघत, इथलं वडाचं झाड कुठे गेलं आणि तिथली चहाची टपरी कुठे गेली, याचा हिशोब लावत होते.

परिषदेत तरुण शिक्षक बरेच होते. माझी ओळख करून द्यायच्या आधीच त्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं. एक म्हणाला, "मॅडम, मतदार यादीचं काम आम्हीच करायचं, केंद्रावर ड्युटी आम्हीच करायची, पण वर्गात निवडणुकीचा नुसता विषय काढला तरी दुपारी पालकाचा फोन." दुसरी म्हणाली, "मुलं घरून पक्षाची गाणी शिकून येतात. मधल्या सुट्टीत मारामारी होते. गप्प बसवायचं की बोलायचं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ऐटीत कात्रण बाहेर काढलं.

मी सांगितलं ते असं.

आमची शाळा पहिली ते सातवी. मी आणि दोन गुरुजी. बहुतेक मुलं गावातली आणि सात-आठ मुलं वरच्या वाडीतली. वाडी डोंगरावर, म्हशी आणि शेरडं पाळणाऱ्या घरांची. मुलं दूध काढून झाल्यावर निघायची, मधला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडायची आणि तासभर उतरून यायची. त्यात एक मुलगी होती, सातवीतली. हडकुळी, डोळे मोठे, आणि प्रश्न विचारताना मान एका बाजूला कलती करायची. घरचं दूध ती किटलीतून खाली आणायची, हॉटेलवाल्याकडे घालायची आणि रिकामी किटली दप्तराबरोबर वर्गात आणायची. किटली लवंडली की सगळा वर्ग दचकायचा.

त्या वर्षी जूनमध्ये मी ठरवलं, शाळेचं मंत्रिमंडळ नेमायचं नाही, निवडून आणायचं. मला मतदान केंद्राच्या ड्युटीचा अनुभव दांडगा. हुबेहूब सगळं केलं. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाच पाडून मतपेटी. कोपऱ्यात माझी जुनी साडी बांधून आडोसा. पहिली-दुसरीच्या मुलांना नावं वाचता येत नाहीत म्हणून उमेदवारांना चिन्हं: बॅट, घमेलं, छत्री. त्या मुलीनं चिन्ह मागितलं किटली. बोटाला लावायला शाई हवी, तर मुलांनीच जांभळं आणली, फडक्यातून पिळली आणि रस बाटलीत भरला. निम्म्या मुलांची बोटं आणि जिभा आधीच जांभळ्या होत्या, तेव्हा मत देऊन आलेला कोण आणि झाडावरून आलेला कोण हे ओळखायचं कसं, असा पेच गुरुजींनी टाकला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही साबण आणा.

मग उमेदवारांची भाषणं. मी विचारलं, मुख्यमंत्री झालात तर काय काम कराल? सरपंचांच्या आळीतला एक मुलगा, वर्गात सगळ्यात उंच, म्हणाला, नवी बॅट आणीन. दुसरा म्हणाला, खिचडीत रोज बटाटा. टाळ्या पडल्या. मग ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, परिपाठ पंधरा मिनटं उशिरा करायचा."

परिपाठ म्हणजे प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, असं सगळं मिळून सकाळी वीस मिनिटं. साडेदहाला सुरू. आणि शाळेचा नियम असा की परिपाठ सुरू झाल्यावर येणाऱ्यानं फाटकाबाहेर उभं राहायचं, संपला की आत यायचं. वाडीची मुलं रोज बाहेर असायची. पावसात प्लास्टिकची खोळ पांघरून फाटकाला टेकून उभी.

"आमाला परिपाठ कदी मिळतच नाय," ती म्हणाली. "सुविचार भायेरून आयकू येत नाय."

मी म्हटलं, "मुद्दा चांगला आहे. निवडून ये, मग बघू."

आता मतदानाच्या दिवसाचं. त्या महिन्यात गावची ग्रामपंचायतही बिनविरोध झाली होती. तिचं महत्त्व बाहेरच्याला कळायचं नाही. आधीच्या निवडणुकीत गावाच्या दोन आळ्या अशा भांडल्या होत्या की पाच वर्षं गणपतीच्या आरत्याही वेगळ्या. या खेपेला मुंबईत नोकरीला असलेली गावची माणसं मुद्दाम आली, गावकी देवळात बसली, कोण सरपंच आणि कोण सदस्य ते तिथेच ठरलं आणि देवापुढे नारळ ठेवून प्रत्येकानं त्यावर हात ठेवला. नारळाला हात लावला की शब्द फिरवायचा नाही. बायाबापड्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीसुद्धा. भांडणाच्या दिवसांत निम्मी मुलं निम्म्या मुलांशी बोलत नसत, ते मी वर्गात भोगलं होतं.

मुलांनी हे सगळं देवळाच्या कठड्यावर बसून बघितलं होतं.

मतदानाच्या दिवशी मी फाटकाशी पोहोचले तर सगळी शाळा माझी वाट बघत उभी. वाडीची मुलंसुद्धा, त्या दिवशी वेळेवर. उंच मुलगा पुढे आला. हातात रुमालात बांधलेला नारळ. म्हणाला, "बाई, मतदान नको. बिनविरोध झाली हाय."

वहीच्या पानावर यादी होती. मुख्यमंत्री तो स्वतः. क्रीडा मंत्री, पाणी मंत्री, सगळं वाटून झालेलं. त्या मुलीचं नाव शेवटी, स्वच्छता मंत्री. प्रत्येक नावापुढे सही. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर पारावर गावकी बसली होती म्हणे. "दोन पारट्या झाल्या की गावात फूट पडते," असं त्या बारा वर्षांच्या पोरानं मला ऐकवलं. मी किटलीवाल्या मुलीकडे बघितलं. सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी कबुली आहे ना गं?"

ती म्हणाली, "होय बाई. नारलाला हात लावला ना."

मी खूश झाले. शहाणी माझी लेकरं, म्हटलं. नारळ फोडला, खोबरं वाटलं. शाईची बाटली तशीच राहिली होती, मुलांचे डोळे तिच्यावर. म्हटलं, केलीच आहे तर लावा सगळ्यांना. मग ही झुंबड. दुपारी सरपंच येऊन कौतुक करून गेले. त्यांच्याबरोबर पेपरात बातम्या देणारे एक गृहस्थ होते, त्यांनी फोटो काढला.

एवढं सांगून मी शिक्षकांना म्हटलं, "तर मुलं आपल्याकडे बघून शिकतात. गावानं एकी दाखवली, मुलांनी एकी दाखवली. राजकारणावर व्याख्यान द्यायची गरजच पडली नाही." कात्रण फिरायला दिलं. माना डोलल्या. केंद्रप्रमुख आभार मानायला उठलेसुद्धा.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका तरुण बाईंनी हात वर केला. नोकरीला लागून वर्षसुद्धा झालं नसावं. कात्रण तेव्हा त्यांच्याच हातात होतं.

"मॅडम, मग परिपाठाची वेळ बदलली का?"

मी म्हटलं, "कोणती?"

"त्या मुलीनं मागितलेली. पंधरा मिनिटं."

पस्तीस वर्षं मी प्रश्न विचारत आले. मुलाला उत्तर येत नसलं की तो कसा छताकडे बघतो, ते मला पाठ आहे. त्या दिवशी मी छताकडे बघितलं. "नाही," म्हटलं. "मी होते तोवर साडेदहालाच होता."

बाई म्हणाल्या, "पण ते तर तुमच्याच हातात होतं ना?" बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग कात्रण डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "आणि या टोकाच्या मुलीनं बोट वर केलेलं नाही. हात मागे आहेत."

मी ते कात्रण शंभरदा तरी लोकांना दाखवलं असेल. स्वतः कधी बघितलं नव्हतं.

आणि मग सगळं आठवलं, जे मी अर्ध्या तासात सांगितलं नव्हतं. शाईची बाटली तिच्यापुढे आली तेव्हा ती म्हणाली होती, "मत दिलं नाय, तर शाई कशाला, बाई?" मी हसले होते. "घे गं, गंमत आहे," म्हटलं होतं. तिनं हात मागे घेतले ते घेतलेच. आणि त्याच्या दोन दिवस आधी गावातल्या दोन मुली माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजल्या होत्या, "बाई, कुनाला सांगू नका, आमी किटलीला देनार." त्या दोघींनी नारळ फुटल्यावर इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. साडीच्या आडोशामागे जाऊन, कोणी बघत नसताना, त्यांना जे सांगता आलं असतं ते नंतर कुठेच सांगता आलं नाही. मतपेटीचा डबा पुढे मी खडू ठेवायला वापरला.

मला लाज वाटली. साठी उलटल्यावर, तीस शिक्षकांसमोर, हातात चहाचा कप घेऊन मला लाज वाटली, आणि ती लपवायची ताकदही नव्हती. मी पुन्हा उभी राहिले. म्हटलं, आधी सांगितलं ते विसरा. मुलांना निवडणूक शिकवायची असेल तर आडोसा बांधलात की मतदान घ्याच, कोणी कितीही नारळ आणले तरी. एखाद्या मुलाला त्याचं मत सगळ्यांसमोर विचारू नका. आणि मूल रास्त काही मागत असेल, ते तुमच्या हातात असेल, तर त्याला निवडून ये म्हणू नका. देऊन टाका. कोणाला मत दिलं हे सांगू नका, बरोबर आहे. पण मत कशासाठी असतं हे तरी सांगा. मी तेही सांगितलं नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या तरुण बाईंनी कात्रण दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे वरून येणारी पाच मुलं आहेत." एवढंच.

ती मुलगी आता महाडातच असते. नवरा टेम्पो चालवतो, ती घरी दही लावून विकते. बाजारात भेटली की लांबून हाक मारते, "ओ बाई!" आणि गर्दीत वाकून नमस्कार करते, मला अवघडून जायला होतं. तिचा मुलगा पहिलीला आहे. मी सकाळी चवदार तळ्याच्या बाजूनं फिरायला जाते तेव्हा ती त्याला शाळेत सोडायला निघालेली दिसते. याच तळ्यावर मी दरवर्षी शाळेची सहल आणायची आणि ज्यांना पाण्याशी येऊ दिलं जात नव्हतं त्यांच्याबद्दल घसा बसेपर्यंत सांगायची. वाडीची मुलं पुढच्या रांगेत बसून ऐकायची. सहलीला ती वेळेवर येत.

परिषदेनंतर दोन दिवसांनी मी मुद्दाम तिच्या वाटेवर थांबले. आली. मुलगा पुढे, दप्तर तिच्या खांद्यावर. शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही बरोबर चाललो. फाटक नुकतंच उघडत होतं, आत चिटपाखरू नव्हतं.

मी म्हटलं, "एवढ्या लवकर?"

"शाळा नऊला भरते, बाई. पन मी याला साडेआठलाच आनते." ती हसली. "बसू दे आत. भायेर नको."

मी विचारलं, "तुला आपल्या शाळेतली ती निवडणूक आठवते?"

"किटली," ती लगेच म्हणाली. "आठवते की. तुमी म्हनलात, निवडून ये मग बघू. मी घरी जाऊन आयला सांगितलं, बाई हो म्हनल्या."

मी म्हटलं, "मग तू नारळाला हात का लावलास गं?"

तिनं मान कलती केली. तशीच, सातवीत करायची तशी.

"समद्यांनी धरलं, बाई. मी एकटी किती नाय म्हननार? म्हटलं, लावू दे हात. सकाली बाई नको म्हनतील. पेटी केलीय, आडोसा बांधलाय, बाई म्हनतील मतदान होनारच." तिनं मुलाच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "मंग तुमी खोबरं वाटलंत."

यात कसलाही राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "माझं चुकलं गं." ती घाईघाईनं म्हणाली, "नाय ओ बाई, असं काय म्हनता, तेवा आमी ल्हान होतो." दप्तर मुलाच्या पाठीला लावलं, तो आत पळाला, आणि दह्याचं गिऱ्हाईक वाट बघत असेल म्हणून तीही निघाली.

मी तिथेच राहिले. हळूहळू मुलं येत गेली, रिक्षा येत गेल्या. नऊला घंटा झाली आणि आत प्रार्थना सुरू झाली, मग प्रतिज्ञा. नंतर एका लहान मुलीचा आवाज आला, सुविचार सांगत असावी. मी फाटकाच्या गजांना धरून कान देऊन ऐकत होते. एक शब्द कळला नाही.